बाळाचे वजन, घराची ऐपत

घरात बाळ जन्माला आल्याचा निरोप आला, की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "बाळ-बाळंतीण सुखरूप ना?" आणि त्यापाठोपाठ दुसरा, "वजन किती भरलं?" पहिल्या प्रश्नात काळजी असते, दुसऱ्यात कौतुक. परंतु त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात त्या घराची ऐपत, आईचे श्रम आणि समाजाने तिला दिलेली वागणूक यांचाही हिशेब लिहिलेला असतो, ही गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली.

गेल्या वर्षी माघ महिन्यात आमच्या घरी एकाच आठवड्यात दोन निरोप आले. भाचीला पुण्यातील एका रुग्णालयात मुलगी झाली. वजन ३ किलो १०० ग्रॅम. संध्याकाळी पेढे आले. चार दिवसांनी भल्या पहाटे मावशींचा फोन आला. मावशी म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माझ्या सासूबाईंची शुश्रूषा करण्यासाठी दररोज आमच्याकडे येणाऱ्या बाई. त्यांची लेक आणि जावई बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आले होते. दिवस पुरते भरण्याआधीच लेक फडाजवळच्या आरोग्य केंद्रात बाळंत झाली होती. "ताई, लेकरू दोन किलोचंबी न्हाई. मला जावंच लागंल," मावशी म्हणाल्या. त्यांच्या नातीचे वजन १ किलो ९०० ग्रॅम भरले होते.

त्या क्षणी माझ्या मनात आधी सासूबाई आल्या. त्यांना कूस कोण बदलून देणार, वेळेवर औषध कोण देणार? मी विचारले, "मावशी, परत कधी याल?" बाळ कसे आहे, हे मी त्यानंतर विचारले.

दोन मुली, एकाच राज्यात, एकाच आठवड्यात जन्मलेल्या. त्यांच्या वजनात सव्वा किलोच्या आसपास अंतर. हे अंतर दैवाने पाडले, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु वैद्यकशास्त्राने गेल्या काही दशकांत जे दाखवून दिले आहे, ते दैवाकडे बोट दाखवत नाही.

वजनकाटा काय मोजतो?

जन्मवेळी अडीच किलोपेक्षा कमी भरलेल्या बाळाला जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार कमी वजनाचे बाळ म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ज्या बाळांच्या वजनाची नोंद मिळाली, त्यांपैकी १८ टक्के बाळे या मर्यादेखाली होती. अशा बाळाच्या अंगात ऊब टिकत नाही, त्याला ओढून दूध पिण्याची ताकद नसते आणि जंतुसंसर्ग त्याला चटकन गाठतो.

याच सर्वेक्षणात देशातील कुटुंबांची सांपत्तिक स्थितीनुसार पाच समान गटांत विभागणी केलेली आहे. सर्वांत गरीब गटात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी ५९ मुले पाचवा वाढदिवस पाहू शकत नाहीत. सर्वांत सधन गटात ही संख्या २० आहे. वयाच्या मानाने उंची खुरटलेल्या मुलांचे प्रमाण गरीब गटात ४६ टक्के, तर सधन गटात २३ टक्के आहे. देश एक, लसी त्याच, औषधे तीच. तरीही जन्माचे घर बदलले की जगण्याची शक्यता बदलते. सधन घरांतही जवळपास चौथा हिस्सा मुले खुरटलेली असावीत, याचाही विचार व्हायला हवा. अस्वच्छ पाणी, आईचा रक्तक्षय आणि मुलींच्या ताटाकडे होणारे दुर्लक्ष यांची झळ केवळ गरिबांच्या उंबरठ्याशी थांबत नाही.

आईच्या डोक्यावरची मोळी

बाळाचे वजन बाळ जन्मण्यापूर्वीच, किंबहुना आई लहान असतानाच ठरू लागते. या बाबतीत जगभर नावाजला गेलेला एक अभ्यास आपल्या पुणे जिल्ह्यातला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची गरोदरपणापूर्वीपासून पाहणी सुरू केली. त्या स्त्रिया वयाने तरुण, सरासरी उंचीने सुमारे पाच फूट आणि अंगाने अतिशय रोड होत्या. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बाळांचे सरासरी वजन ३.५ किलो होते.

या अभ्यासातील दोन निष्कर्ष घरोघरी सांगण्याजोगे आहेत. पहिला आहाराचा. ज्या स्त्रियांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे अधिक भरदार होती. नुसत्या भाकरी वाढवून हा फरक पडत नव्हता. पानात काय आहे, याला महत्त्व होते. दुसरा निष्कर्ष श्रमांचा. शेतातील कष्ट, पाणी भरणे अशी अंगमेहनत गरोदरपणात जितकी अधिक, तितके बाळाचे वजन कमी.

आता ही दोन्ही सूत्रे ऊसतोडीच्या फडावर लावून पाहावीत. तेथे नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' मोजला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती तोडणीतून फेडायची असते. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. त्यामुळे दिवस गेलेली स्त्रीही पहाटे उठून पाणी आणते, स्वयंपाक करते, ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरते. राहायला पाचटाची कोपी. अंगणवाडीत नाव मूळ गावी नोंदलेले आणि बाई शेकडो किलोमीटर दूर. पालेभाजी, फळ आणि दूध ही तिच्या दृष्टीने सणावाराची वस्तू. विश्रांती घ्यावी, हा डॉक्टरांचा सल्ला तिला ठाऊक नसतो असे नाही. तो पाळण्याची ऐपत तिच्यापाशी नसते.

शहरातील कार्यालयात नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीला कायद्याप्रमाणे सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळाली. मावशींच्या लेकीला प्रत्येक दिवसाच्या विश्रांतीबद्दल दंड होता. सव्वा किलोच्या अंतराचा बराचसा उलगडा मला येथे झाला.

म्हातारपणापर्यंत पोहोचणारे अंतर

"आता मोठे झालो, जन्माच्या वजनाचे काय?" असे ज्येष्ठ वाचकांना वाटेल. परंतु हा विषय त्यांच्याही शरीराशी जोडलेला आहे. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविका घरोघरी जाऊन बाळांची वजने वहीत टिपून ठेवीत. अनेक दशकांनी डॉ. डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्या शोधून काढल्या आणि पाच हजारांहून अधिक पुरुषांचे पुढे काय झाले, याचा माग घेतला. १९८९ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की जन्मवेळी आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीस ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात उतारवयात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत अधिक होते.

डॉ. याज्ञिकांच्या पाहणीने या चित्रात आपल्याकडचा एक पदर जोडला. पुण्याजवळच्या त्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, मात्र त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला रोड, परंतु आतून मेद राखून असलेली ही घडण पुढे मधुमेहाकडे झुकते. भारतीयांना तुलनेने कमी वयात आणि कमी वजनावर मधुमेह का गाठतो, याचे एक उत्तर येथे मिळते. टंचाईत वाढलेल्या देहाला पुढे भरपूर खाणे आणि बैठे काम मिळाले, की तो त्या बदलाशी जुळवून घेऊ शकत नाही.

कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येकाला हे विकार होतातच, असा याचा अर्थ नाही. आहार, व्यायाम आणि वेळेवर तपासणी यांनी पुष्कळ काही सावरता येते. परंतु बालपणातील विषमता पाळण्यातच संपत नाही. ती साठ-सत्तर वर्षे देहात मुक्काम करून राहते आणि मुलगी असेल, तर तिच्या पोटी येणाऱ्या बाळापर्यंतही जाते.

जेथे सेवा उंबरठ्यापर्यंत गेली

वेल्समधील एका खाणगावात डॉक्टरकी करणारे ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते. ज्यांना वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत अधिक असते, त्यांनाच ती सर्वांत कमी मिळते. गडचिरोलीइतका या निरीक्षणाचा बोलका दाखला क्वचितच सापडेल.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५-९६ या वर्षी तेथील ३९ गावांत ७६३ नवजात बाळांची जन्मापासून अठ्ठावीस दिवस पाहणी केली. सुमारे ४२ टक्के बाळे कमी वजनाची होती. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय उपचारांची गरज भासेल असा आजार झाला. त्यांपैकी डॉक्टरांपर्यंत पोहोचलेल्या बाळांचे प्रमाण तीन टक्क्यांहूनही कमी होते. रस्ता लांब, मजुरी बुडणार, बाळंतीण घराबाहेर पडायची नाही आणि "एवढ्याशा जिवाला दवाखाना कशाला?" ही समजूत. रुग्णालय होते, त्याच्यापर्यंत जाणारी वाट गरिबाला परवडणारी नव्हती.

यावर काढलेला मार्ग साधा होता. बाळ दवाखान्यात येत नसेल, तर सेवा बाळाच्या घरी न्यावी. गावातीलच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, त्याला उबदार पिशवीत ठेवणे, दूध पाजण्यास आईला मदत करणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे सारे त्या शिकल्या. या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण दर हजार जन्मांमागे ६२ होते. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी ते सुमारे २५ वर आले. 'लॅन्सेट' या नियतकालिकात १९९९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने नवजात बाळाच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर स्वीकारला. आज बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत आशाताई सहा वेळा, आणि घरी बाळंतपण झाले असल्यास सात वेळा घरी येतात, त्याची मुळे या प्रयोगात आहेत.

या गावांतील घरे रातोरात श्रीमंत झाली नव्हती. गरिबी तशीच असतानाही निम्म्याहून अधिक मृत्यू टळले, कारण मदत आधी सर्वांत दूरच्या घरी पोहोचली.

दरी बुजू शकते

हे एका जिल्ह्यात झाले, पण अवघ्या देशात होऊ शकते काय? ब्राझीलचे उदाहरण येथे विचारात घेण्यासारखे आहे. आत्यंतिक विषमतेसाठी हा देश प्रसिद्ध. १९७४-७५ मध्ये तेथील पाच वर्षांखालच्या ३७ टक्के मुलांची उंची खुरटलेली होती. सर्वांत गरीब पाचव्या हिश्शात हे प्रमाण ५९ टक्के, तर सर्वांत सधन हिश्शात १२ टक्के होते. २००६-०७ मध्ये एकूण प्रमाण ७ टक्क्यांवर आले. गरीब गटात ते सुमारे ११ आणि सधन गटात सुमारे ३ टक्के उरले. सत्तेचाळीस टक्क्यांची दरी आठ टक्क्यांवर आली.

यामागे कोणतेही एक रामबाण औषध नव्हते. गरीब कुटुंबांची क्रयशक्ती वाढली, मुली शाळेत अधिक वर्षे टिकल्या, नळाचे पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था वस्त्यांपर्यंत गेली. १९९४ पासून कुटुंब आरोग्य कार्यक्रमातून वैद्यकीय पथके आणि आरोग्यसेवक गरीब वस्त्यांत घरोघरी जाऊ लागले. २००३ पासून 'बोल्सा फमिलिया' योजनेतून गरीब कुटुंबांना थेट पैसे मिळू लागले आणि मुलांची शाळा व लसीकरण ही त्याची अट ठेवण्यात आली. मजुरी, पाणी, शाळा आणि दवाखाना ही चार चाके एकत्र फिरली, तेव्हा गाडा हलला.

वडीलधाऱ्यांच्या हातात काय आहे?

धोरणे शासनाने करायची असली, तरी बाळंतिणीच्या खोलीत अखेरचा शब्द बहुधा आजीचा असतो. गरीब घरात हे अधिकच खरे आहे. म्हणून घरातील ज्येष्ठांनी, तसेच रुग्णसेवा करणाऱ्या भगिनींनी, काही गोष्टी मनाशी बांधून ठेवाव्यात.

बाळाला पहिल्या तासाभरात आईचे दूध पाजावे. पहिले घट्ट, पिवळसर दूध फेकून देण्याची रीत सोडावी. रोगांपासून बाळाचे रक्षण करणारे घटक त्यातच सर्वाधिक असतात. सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. मध, साखरपाणी, गुटी, वरचे पाणी यांपैकी काहीही देऊ नये.

कमी वजनाच्या बाळाला अंघोळ घालण्याची घाई करू नये. डॉक्टर किंवा आशाताई सांगतील तोवर कोरड्या मऊ कापडाने पुसणे पुरेसे असते. खोलीत शेगडीचा धूर करू नये.

अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे धरून वरून पांघरूण घ्यावे. याला 'कांगारू मातृसेवा' म्हणतात. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ मध्ये एका गर्दीच्या रुग्णालयात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या पुऱ्या पडेनात, तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ही पद्धत सुरू केली. टंचाईतून जन्मलेला हा उपाय आज श्रीमंत देशांतही वापरला जातो. आई थकली, तर वडील किंवा आजीही बाळाला असे धरू शकतात.

बाळाने दूध पिणे सोडले, अंग गार पडले किंवा तापले, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, बाळ मलूल झाले किंवा झटके आले, तर सकाळची वाट पाहू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते; गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ क्रमांकही आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावरील उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. पहिल्या अपत्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पाच हजार रुपयांचे साहाय्य मिळते.

आपल्या घरी कामाला येणाऱ्या स्त्रीला यांतील कितीतरी गोष्टी माहीत नसतात. अर्ज भरून देणे, बँकेचे खाते जोडून देणे, लसीकरणाचे कार्ड वाचून पुढची तारीख सांगणे, ही कामे निवृत्त माणसाला सहज करता येतात. तिच्या घरी कोणाला दिवस गेले असतील, तर दररोज एक कप दूध आणि एक फळ देणे ही फार मोठी गोष्ट नाही. सर्वांत महत्त्वाची आहे ती पगारी रजा. तिच्यावाचून बाकीचे सारे सल्ले कोरडे ठरतात.

एक खाडा

मावशी सव्वीस दिवसांनी परत आल्या. जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात नात नऊ दिवस होती. त्यानंतर लेकीला ताप आला, तेव्हा मावशींनीच नातीला दिवसाचे कितीतरी तास स्वतःच्या छातीशी बांधून ठेवले. "नर्सबाईंनी दाखवलं तसं धरलं, ताई. लेकराला ऊब लागली अन् ते प्यायला लागलं," त्या सांगत होत्या. ज्या हातांनी माझ्या सासूबाईंना दोन वर्षे सांभाळले, त्याच हातांनी ते बाळ जगवले होते.

महिनाअखेरीस पगार काढताना मी सवयीने सव्वीस खाडे मांडले आणि तेवढे पैसे वजा केले. मावशींनी पाकीट मोजले नाही, काही बोलल्याही नाहीत. पुढे हा लेख लिहिण्यासाठी वाचन करू लागले, तेव्हा मुकादमाच्या हिशेबातील 'खाडा' हा शब्द समोर आला आणि आपल्या वहीतही तोच शब्द आहे, हे मला दिसले. फडावरच्या विषमतेवर लिहायला बसलेली मी, तिचा एक लहानसा हिस्सा माझ्याच स्वयंपाकघरातल्या वहीत होता.

ते पैसे आम्ही उशिरा का होईना, दिले. त्याबरोबर वर्षाला ठरावीक पगारी रजा आणि घरच्या आजारपणासाठी वेगळी रजा असे लिहून ठरवले. त्या दिवसांत सासूबाईंकडे कोणी पाहायचे, याची पाळी घरातल्या माणसांनी आपसांत वाटून घेतली. अडचण होते, पण निभते.

यंदाच्या माघात दोन्ही मुलींना वर्ष पूर्ण झाले. भाचीची मुलगी ९ किलो २०० ग्रॅम भरली. मावशींच्या नातीचे वजन साडेसात किलो आहे, सर्व लसी वेळेवर झाल्या आहेत आणि ती धरून उभी राहते. अंतर अजून आहे. यंदा मात्र मावशींनी लेकीला फडावर जाऊ दिले नाही. "एक हंगाम उचल कमी घेतली, ताई. पोर अंगावर पितीय अजून," त्या म्हणाल्या. या वेळी मी आधी बाळाचीच चौकशी केली होती.